सहा सेकंदांचा वाद



मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की आमच्या पेठेत त्या दिवशी दुसरा विषय नसे. सामना संपला तरी संपत नसे. रात्री जेवणाच्या पंगतीला वडील, काका आणि शेजारचे दोघेतिघे रेफरीच्या नावाने बोटं मोडत. ऑफसाइड होता की नव्हता, या वादात ताटातला भात गार होऊन जाई. आम्हा मुलींना स्टेडियमवर कुणी नेत नसे. पण वाढता वाढता सगळं कानावर पडत होतं, त्यामुळे ऑफसाइड म्हणजे काय हे मला सातवीतच कळलं होतं.

पुढे लग्न झालं, बँकेतली नोकरी, संसार. फुटबॉल मागे पडला. तो मला पुन्हा भेटला निवृत्तीच्या वर्षी, तोही थेट कॅनडात, आणि या वेळी खेळणाऱ्या सगळ्या बायका होत्या. गेली बारा-तेरा वर्षं मी बायकांचं फुटबॉल मन लावून बघते आहे, आणि आमच्या घरात अजूनही रेफरीवरून भात गार होतो. आज मला या वादांबद्दलच बोलायचं आहे.

२०१२ सालचा उन्हाळा. माझी मुलगी व्हँकुव्हरजवळ राहते. तिच्याकडे मी तीन महिने गेले होते. लंडन ऑलिंपिक चालू होतं. नात दहा वर्षांची. तिच्या अंगात लाल शर्ट, पाठीवर बारा नंबर. हा नंबर कॅनडाची कर्णधार क्रिस्टीन सिंक्लेअरचा, आणि सिंक्लेअर तिथल्याच शेजारच्या बर्नबी गावची. म्हणजे नातीच्या दृष्टीने घरचीच. ६ ऑगस्टला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर उपांत्य सामना होता, कॅनडा विरुद्ध अमेरिका. अमेरिकेचा संघ म्हणजे त्या खेळातली मातब्बर मंडळी. कॅनडा जिंकेल असं फारसं कुणी धरून चाललं नव्हतं.

पण त्या दिवशी सिंक्लेअरच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. तिने एकटीने तीन गोल केले. प्रत्येक वेळी कॅनडाने आघाडी घ्यायची आणि अमेरिकेने बरोबरी साधायची, असं चाललं होतं. अमेरिकेच्या मेगन रपिनोने तर एक गोल थेट कॉर्नरवरून मारला. ७३व्या मिनिटाला सिंक्लेअरचा तिसरा गोल झाला आणि कॅनडा ३-२ असा पुढे गेला. नात सोफ्यावर उभी राहून नाचत होती. आता पंधरा-वीस मिनिटं काढायची होती, बस.

तेवढ्यात कॅनडाची गोलरक्षक एरिन मॅक्लिऑड हिने एक चेंडू झेलला. तो छातीशी धरून ती थांबली, आपल्या मैत्रिणी पुढे सरकेपर्यंत. सगळेच गोलरक्षक थांबतात तशी. आणि रेफरीची शिट्टी वाजली. कशासाठी, ते क्षणभर कुणालाच कळेना.

नियम असा होता, की गोलरक्षकाने सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला, तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक द्यायची. म्हणजे जिच्या पायाशी चेंडू आहे तिने थेट गोल मारायचा नाही, आधी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हायला हवा. नियम पुस्तकात छापलेला होता. पण जगभर रोज शेकडो सामन्यांत गोलरक्षक आठ, दहा, बारा सेकंद चेंडू धरून उभे राहत आणि रेफरी फार तर हाताने ‘चल, टाक आता’ अशी खूण करत. शिट्टी जवळजवळ कधीच वाजत नसे. ती त्या दिवशी वाजली, ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात, शेवटच्या बारा-तेरा मिनिटांत.

फ्री किक घेतली गेली. रपिनोचा फटका कॅनडाच्या एका खेळाडूच्या हाताला लागला आणि पेनल्टी मिळाली. ॲबी वॉम्बाकने गोल केला. ३-३. जादा वेळ सुरू झाला, आणि तो संपता संपता, १२३व्या मिनिटाला, अमेरिकेच्या ॲलेक्स मॉर्गनने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. ४-३. संपलं.

नात उशीत तोंड खुपसून रडत होती. जावई म्हणाले, “नियम तो नियम. सहा म्हणजे सहा.” मुलगी म्हणाली, “मग बाकीच्या वेळी हा नियम कुठे जातो?” आणि मी, कोल्हापूरच्या पेठेत वाढलेली, तावातावाने म्हणाले, “त्या बाईच्या हातात शिट्टी दिली कुणी?”

हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

रेफरी होत्या नॉर्वेच्या क्रिस्टिना पेडरसन. सामन्यानंतर सिंक्लेअर पत्रकारांपुढे पंचांबद्दल फार कडक बोलली. पुढे फिफाने पंचांशी अखिलाडू वर्तन केल्याबद्दल तिच्यावर चार सामन्यांची बंदी घातली. वॉम्बाकनेही नंतर मोकळेपणाने सांगितलं, की मॅक्लिऑडच्या हातात चेंडू असताना आपण रेफरीच्या कानावर जाईल अशा आवाजात सेकंद मोजत होतो. आपल्याकडे याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मॅक्लिऑडनेही एक गोष्ट लपवली नाही. मध्यंतराच्या सुमारास सहायक पंचाने तिला, फार वेळ लावू नकोस, असं सांगितलं होतं. पण तो तिला नेहमीचा सल्ला वाटला, शेवटचा इशारा नव्हे.

तीन दिवसांनी कॅनडाने फ्रान्सला हरवून कांस्यपदक मिळवलं. डायना मॅथेसनने अगदी शेवटच्या क्षणी गोल केला. नात हसली. आमच्या घरातला वाद मात्र मिटला नाही.

या वादाचा एक फायदा झाला. भारतात परत आल्यावर मी बायकांचं फुटबॉल शोधून शोधून बघू लागले. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, अमेरिकेत नॅशनल विमेन्स सॉकर लीग सुरू झाली. त्याआधीच्या दोन व्यावसायिक लीगचं दिवाळं वाजलं होतं. या तिसऱ्या वेळी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या फुटबॉल संघटनांनी आपापल्या राष्ट्रीय खेळाडूंच्या पगाराचा भार उचलला. सिंक्लेअर पोर्टलंडच्या संघात गेली, आणि तिथे तिच्या शेजारी खेळायला कोण आली, तर जिने कॅनडाला घरी पाठवलं ती ॲलेक्स मॉर्गन. दोघींनी मिळून पोर्टलंडला पहिलंच विजेतेपद मिळवून दिलं. नातीने मला फोनवर विचारलं, “आजी, त्या दोघी भांडत नसतील का गं?” मी म्हटलं, “त्या एकत्र खेळतात. भांडायला आपण आहोत की.”

नात पंधरा वर्षांची झाली. तिकडे या वयाची मुलं छोट्यांच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभी राहतात. एक लहानसा अभ्यासक्रम करायचा, परीक्षा द्यायची, आणि शनिवार-रविवारी खिशाला थोडे पैसे. हिनेही परीक्षा दिली. काळा शर्ट, गळ्यात शिट्टी असा फोटो मला पाठवला. मला कोण अभिमान वाटला.

दोन-तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाज बसलेला. नऊ-दहा वर्षांच्या मुलींचा सामना होता. एका संघाची गोलरक्षक चेंडू पोटाशी घट्ट धरून उभी राहिली. घाबरली होती बिचारी. समोरच्या संघाचा प्रशिक्षक रेषेबाहेरून मोठ्याने मोजायला लागला, एक, दोन, तीन. सहा झाले, सात झाले. आमची नात त्या मुलीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “आता सोड हं चेंडू, मी मोजतेय.” मुलीने चेंडू मारला, खेळ पुढे चालू झाला. सामना संपल्यावर तो प्रशिक्षक चालत हिच्यापर्यंत आला आणि सगळ्या पालकांदेखत हिला नको नको ते बोलला.

मी संतापले. म्हटलं, “काय म्हणाला तो मेला?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजी, त्याचं इंग्रजी तुला सांगत नाही. पण त्याचं मराठी म्हणजे तुझंच वाक्य होतं. शिट्टी दिली कुणी.”

श्रोतेहो, मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या कानावर पडलेलं माझं वाक्य तिने पाच वर्षं जपून ठेवलं होतं. आणि ज्या बाईंना उद्देशून मी ते बोलले, त्यांच्या जागी आता माझी नात उभी होती.

तिने दोन मोसम काढले, मग शिट्टी टेबलाच्या खणात गेली. तिच्याबरोबर शिकलेल्या आणखी दोघींनीही सोडलं. कारण एकच. खेळणाऱ्या मुलींचा त्रास नव्हता, रेषेबाहेरच्या मोठ्यांचा होता. आपण म्हणतो, पंचगिरीचा दर्जा वाढला पाहिजे. पण चांगला पंच तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि त्यातल्या पहिल्या दोनच वर्षांत आपण मुलींना घरी पाठवतो. तरीही काही जणी टिकतात. फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये पुरुषांच्या विश्वचषकातला जर्मनी-कोस्टारिका सामना चालवला. त्या स्पर्धेत हे काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्या गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. या बायकांनी रेषेबाहेरून काय काय ऐकलं असेल, त्याचा मी आता विचार करते.

म्हणजे पंचांवर टीकाच करू नये का? तसं मी म्हणत नाही. २०१९ सालची गोष्ट घ्या. फ्रान्समध्ये महिलांचा विश्वचषक होता. महिलांच्या विश्वचषकात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे पंच, पहिल्यांदाच आले होते. आणि जूनच्या पहिल्या तारखेपासून एक बदललेला नियम लागू झाला होता. पेनल्टी मारली जाताना गोलरक्षकाचा निदान एक पाय तरी गोलरेषेवर हवा. स्पर्धा सुरू झाली ७ जूनला. सवय मोडायला मिळाले सहा दिवस.

१७ जूनला फ्रान्सच्या वेंडी रेनारची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली. नायजेरियाची गोलरक्षक रेषेच्या पुढे आली होती, म्हणून पेनल्टी पुन्हा. या वेळी गोल, आणि फ्रान्स १-० ने विजयी. दोनच दिवसांनी स्कॉटलंड अर्जेंटिनाविरुद्ध ३-० असा पुढे होता. शेवटच्या पंधरा-सोळा मिनिटांत अर्जेंटिनाने दोन गोल फेडले. मग व्हिडिओ बघून पेनल्टी दिली गेली. स्कॉटलंडच्या ली अलेक्झांडरने ती अडवली. पुन्हा व्हिडिओ. अलेक्झांडरचे पाय रेषेवर नव्हते. पेनल्टी पुन्हा, गोल, ३-३, आणि स्कॉटलंड स्पर्धेबाहेर.

निर्णय नियमाप्रमाणे होते. त्यात खोट काढता येत नाही. पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पुरुषांच्या प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर आला, तेव्हा त्यांनी आधीच ठरवलं, की गोलरक्षकाचे पाय व्हिडिओत मोजत बसायचं नाही, मैदानावरच्या पंचांनीच ते बघायचं. म्हणजे नवं यंत्र आणि नवा नियम यांची कडक परीक्षा बायकांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत झाली आणि पुरुषांच्या लीगने त्यातून सवलत घेतली. इथे माझा राग आहे, पण तो शिट्टी वाजवणाऱ्या बाईवर नाही. नियम कधी आणि कुणावर पहिल्यांदा वापरायचा, हे खोलीत बसून ठरवणाऱ्यांवर आहे. वाद घालायचा तर तो त्या पत्त्यावर पाठवावा.

आता माझी स्वतःचीच एक फजिती सांगते. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पुन्हा कॅनडा आणि अमेरिका समोरासमोर आले. या वेळी युक्रेनच्या रेफरी कातेरिना मोंझुल यांनी व्हिडिओ बघून कॅनडाला पेनल्टी दिली. जेसी फ्लेमिंगने गोल केला आणि कॅनडा १-० ने जिंकला. अमेरिकेचे समर्थक म्हणत होते, एवढ्याशा धक्क्याला पेनल्टी? आमच्या घरात त्या दिवशी अजिबात वाद झाला नाही. सगळ्यांना ती पेनल्टी अगदी स्वच्छ दिसली! पुढे ६ ऑगस्टला, त्या ओल्ड ट्रॅफर्डच्या सामन्याला बरोबर नऊ वर्षं झाली त्या दिवशी, कॅनडाने स्वीडनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून सुवर्णपदक घेतलं. अडतीस वर्षांची सिंक्लेअर त्या संघाची कर्णधार होती.

दुसरी फजिती त्याहून मोठी. सप्टेंबर २०२२. लॉर्ड्सवर भारत-इंग्लंड महिलांचा एकदिवसीय सामना. झुलन गोस्वामीचा शेवटचा. इंग्लंडची शेवटची जोडी चिवटपणे खेळत होती. चार्ली डीन नॉनस्ट्रायकरच्या बाजूला चेंडू पडण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेली, आणि आपल्या दीप्ती शर्माने तिला धावचीत केलं. केवढा गदारोळ झाला! मी फोनवर नातीला ठणकावून सांगत होते, “नियमात आहे ना? मग झालं तर. आमच्या विनू मंकडांनी १९४७ साली हेच केलं, तेव्हापासून हे लोक त्यांचं नाव घेऊन नाकं मुरडतात.”

नात शांतपणे म्हणाली, “बरं. मग पेडरसनबाईंचं काय चुकलं होतं?”

मी दोन दिवस विचार करत होते. माझं उत्तर आत्ताही अर्धवटच आहे, पण सांगते. नियम असूनही तो वर्षानुवर्षं वापरायचा नाही, आणि मग एके दिवशी अचानक वापरायचा, यात वापरणाऱ्यापेक्षा इतकी वर्षं न वापरणाऱ्यांची चूक जास्त असते. लोकांना वाटू लागतं की असा नियमच नाही. रस्त्यावरचा सिग्नल सगळेच मोडत असतात आणि एके दिवशी एकालाच दंड होतो. त्याची चूक असतेच, पण “मीच का?” हा त्याचा प्रश्नही खोटा नसतो. क्रिकेटवाल्यांनी ऑक्टोबर २०२२ पासून तो नियम ‘अखिलाडू खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या धावचीतच्या प्रकरणात नेला. म्हणजे सांगून टाकलं, की यापुढे हे नेहमीचं समजा. निदान संदिग्धपणा गेला.

फुटबॉललाही ते सुचायला तेरा वर्षं लागली. मार्च २०२५ मध्ये नियम करणाऱ्या मंडळाने सहा सेकंदांचा नियम बदलला. त्या वर्षीच्या १ जुलैपासून गोलरक्षकाला आठ सेकंद मिळतात. जास्त वेळ लावला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. गोलासमोरच्या फ्री किकपेक्षा ही शिक्षा सौम्य, म्हणून पंचांना ती द्यायला भीती वाटू नये. आणि यातली सगळ्यात चांगली गोष्ट अशी, की शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून, बोटं दाखवून मोजतो. गोलरक्षकाला दिसतं, प्रेक्षकांना दिसतं, समोरच्या संघालाही दिसतं. कुणी कानाशी येऊन मोजायची गरज नाही.

पहिल्यांदा मी टीव्हीवर ती पाच बोटं पाहिली तेव्हा मला मॅक्लिऑड आठवली, पेडरसनबाई आठवल्या, आणि पंधरा वर्षांची माझी नात आठवली, घाबरलेल्या मुलीजवळ जाऊन “मी मोजतेय” म्हणणारी. नियमाच्या पुस्तकाला जे सुचायला एवढी वर्षं लागली ते तिला त्या मैदानावर एका क्षणात सुचलं होतं. त्याबद्दल तिने शिव्या खाल्ल्या.

एप्रिल २०२५ मध्ये कॅनडात महिलांची स्वतःची व्यावसायिक लीग सुरू झाली, नॉर्दर्न सुपर लीग. ती उभी करण्यात पुढाकार कुणाचा, तर फ्रान्सविरुद्ध तो शेवटच्या क्षणीचा गोल मारणाऱ्या डायना मॅथेसनचा. पहिला सामना व्हँकुव्हरलाच झाला. नात मैत्रिणींबरोबर गेली होती. रात्री तिचा फोन आला. संघ जिंकला होता, १-०. मी सवयीने विचारलं, “रेफरी कशी होती?”

ती म्हणाली, “एक-दोन निर्णय मला पटले नाहीत. त्यावर बोलू आपण, वेळ आहे ना तुला?”

मी म्हटलं, “बोल. पण थांब, गॅसवर भात आहे. आधी जेवून घेते.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)